विश्लेषण : बंद किराणा दुकानातला माल मालकाचा, मग उंदीर, पिसवा आणि विष कोणाचे?

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या मोठ्या गावात किराणा दुकान बंद पडणे ही बातमी नसते. उधारी थकते, दुष्काळात गिऱ्हाईक कारखान्यावर निघून जाते, भावाभावांत वाटणीचा वाद लागतो, बँक कुलूप ठोकते किंवा दुकानदार म्हातारपणी पुण्याला मुलाकडे राहायला जातो. शटर खाली येते आणि गाव पुढच्या दुकानात जाऊ लागते. पण आत राहिलेली ज्वारीची पोती, तूरडाळ, गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे आणि कोपऱ्यातली उंदराच्या औषधाची पाकिटे कुठे जात नाहीत. काही महिन्यांनी वास येऊ लागतो, शेजारच्या घरात उंदीर दिसतात, आणि गाव म्हणते, ‘मालकाचा माल आहे, आपण काय करणार?’ हा प्रश्न चुकीचा आहे. ज्या जिल्ह्यात १९९४ मध्ये प्लेग पुन्हा दिसला, त्या बीड जिल्ह्याने तरी तो विचारू नये.

बंद दुकानात नेमके काय उरते?

किराणा दुकान म्हणजे फक्त धान्य नव्हे. एकाच खोलीत खाण्याचा माल आणि विष शेजारी शेजारी ठेवणारी गावातली ती बहुधा एकमेव जागा. एका फळीवर रवा-मैदा, बिस्किटे, शेंगदाणे. दुसऱ्या फळीवर फिनेल, संडास साफ करायचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, डासांच्या अगरबत्त्या, उंदीर मारायचे औषध. दुकान चालू असते तेव्हा दुकानदाराची नजर आणि रोजचा झाडू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. दुकान बंद झाले की ते काम कोणी करत नाही.

पहिल्या पावसात पत्रा गळतो, पोती ओली होतात, डाळीला बुरशी धरते. रव्यात पोरकिडा होतो, गुळाला पाझर सुटतो आणि त्यावर माश्या येतात. उंदीर आधीपासूनच असतात. आता त्यांना अन्न, अंधार आणि निवांतपणा मिळतो. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते दहा पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. रुपयाच्या नाण्याएवढे भोक मोठ्या उंदरालाही पुरते. मराठवाड्यातली जुनी दगड-मातीची भिंत असेल तर घुशी तेवढेही भोक शोधत बसत नाहीत; त्या स्वतः पोखरतात. धान्य आहे तोवर हे सगळे आतच राहते आणि म्हणून गावाला दिसत नाही. धान्य संपले की ती सगळी फौज शेजारच्या घरात शिरते.

बीड जिल्ह्याने हे आधी पाहिले आहे का?

पाहिले आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते मुख्यतः माळवदाच्या घरांनी. जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि मातीचा भार. सगळे झोपेतल्या माणसांवर आले. बीड जिल्ह्यात तेवढी पडझड झाली नाही, पण भीती तेवढीच होती. पुढच्या महिन्यांत अनेक गावांतल्या लोकांनी जुनी घरे सोडून बाहेर पत्र्याच्या, ताडपत्रीच्या आडोशाला राहणे पसंत केले. घरे रिकामी झाली. घरातले धान्य मात्र बऱ्याच ठिकाणी आतच राहिले.

बीड जिल्ह्यातील मामला हे गाव त्यातलेच. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे पिसवांचा त्रास वाढल्याच्या आणि उंदीर मरून पडत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पाठोपाठ ताप आणि काखेत-जांघेत गाठी असलेले रुग्ण दिसले. गाठीचा प्लेग. भारतात १९६६ नंतर प्लेगची नोंद झाली नव्हती; म्हणजे जवळपास तीन दशके जो आजार पुस्तकात होता, तो एका खेड्यात उभा राहिला. अभ्यासकांनी मांडलेले कारण असे की, सोडून दिलेल्या घरांतल्या धान्यावर घरउंदीर बेसुमार वाढले, रानातल्या उंदरांशी त्यांचा संपर्क आला, आणि रानात शांतपणे टिकून असलेला जंतू पिसवांच्या मार्फत वस्तीत उतरला.

त्यानंतर काही आठवड्यांत सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग पसरल्याने हाहाकार माजला. लाखो लोक शहर सोडून पळाले, अनेक देशांनी भारताची विमाने आणि माल अडवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत देशभरातील मृत्यूंचा आकडा ५४ आहे. निदानावर तेव्हा बरेच वाद झाले. पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीत तो प्लेगचाच जिवाणू असल्याचे स्पष्ट झाले. सुरतेचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले, मामला मात्र विसरले गेले. सुरतेने त्यानंतर शहर धुऊन काढले आणि स्वच्छतेची पारितोषिके मिळवली. सोडलेल्या घरातल्या धान्याचे काय करायचे, याचा धडा बीडमध्ये कोणत्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेला, हे विचारायला हरकत नाही.

आणि हा योगायोग एकदाच घडलेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले ते मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या शेजारी. तिथेही माणसांच्या आधी उंदीर मेले होते.

मग आज प्लेगची भीती बाळगावी का?

नाही. १९९४ नंतर देशात २००२ मध्ये हिमाचलात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात छोटे उद्रेक झाले, ते लवकर आटोक्यात आले. प्लेगवर साध्या प्रतिजैविकांचा उपचार चालतो. एखाद्या बंद दुकानात उंदीर दिसले म्हणून प्लेगची अफवा उठवणे हा गावावर अन्याय ठरेल. मामल्याचे उदाहरण द्यायचे ते घाबरवण्यासाठी नव्हे, तर त्यातली साखळी समजण्यासाठी : माणूस उठून गेला, धान्य राहिले, उंदीर वाढले, पिसवा वाढल्या, आजार वस्तीत आला. शेवटच्या कडीत प्लेगच्या जागी दुसरे काही असू शकते.

लेप्टोस्पायरोसिस हा मुख्यतः कोकण-मुंबईचा, साचलेल्या पाण्याचा आजार. बीडच्या कोरड्या हवेत त्याचा धोका कमी. तरी पावसाळ्यात दुकानाच्या मागच्या गटारात उंदरांचे मूत्र मिसळत असेल आणि मुले त्यात अनवाणी खेळत असतील, तर तो नाही असे म्हणता येत नाही. स्क्रब टायफसचा जंतू पसरवणारे बारीक किडे उंदरांच्या अंगावर आणि आसपासच्या झुडपांत असतात. २०१८ मध्ये नागपूर परिसरात या आजाराने बळी घेतले होते. छतावर टाकलेल्या रिकाम्या डब्यांत आणि टायरांत पाणी साचले की डेंगीचा डास तिथे अंडी घालतो.

पण ग्रामीण बीडमध्ये सगळ्यात जवळचा धोका बहुधा सापाचा. उंदरांमागे नाग येतो, घोणस येते. बंद दुकानाच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात लोक उन्हाळ्यात जमिनीवर झोपतात. ‘आमच्याकडे साप फार’ असे म्हणणाऱ्या घराशेजारी काय आहे, हे एकदा पाहायला हवे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जाणे एवढाच मार्ग. या भागासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हा मोठा आधार आहे.

उंदीर नाहीत, तरी धोका आहे का?

धान्यात टाकायच्या गोळ्यांचा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्यांना हवेतला दमटपणा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू बाहेर पडतो. त्यावर उतारा नाही. प्रशिक्षित माणसांच्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच त्या वापराव्यात, असा निर्बंध देशात आहे. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांत पोत्यात गोळी टाकणे ही सवय झाली आहे. दुकान चालू असताना डबा बंद असतो. दुकान सोडल्यावर उंदीर डबा पाडतो, झाकण गंजते, छत गळते. कोरड्या महिन्यांत काही होत नाही, पावसाळ्यात होते. वायू फटीतून शेजारच्या खोलीतही जाऊ शकतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास, डोकेदुखी, मळमळ, छातीत दडपण अशी लक्षणे एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम दिसली, तर ‘अन्नातून बाधा’ म्हणून गप्प बसू नये. घराबाहेर मोकळ्या हवेत येऊन थेट दवाखाना गाठावा आणि शेजारी बंद गोदाम आहे हे डॉक्टरांना सांगावे. ते सांगितले नाही तर डॉक्टरांना कळायला दुसरा मार्ग नसतो.

खराब माल शेवटी जातो कुठे?

कचऱ्यात जातो, असे मानणे भाबडेपणाचे आहे. माल बाहेर निघतो तेव्हा त्याचे तीन रस्ते असतात. बिस्किटांचे पुडे मुले तुटलेल्या शटरखालून ओढून नेतात. पाकिटातला माल आठवडी बाजारात ‘स्वस्तात’ विकला जातो. आणि भिजलेले, बुरशी आलेले धान्य शेळ्या-म्हशींच्या पुढे टाकले जाते. ‘माणसाला चालत नाही ना, जनावराला चालेल’ या वाक्यात काटकसर आहे, पण ती महागात पडते.

शेंगदाणा, मका, सरकी पेंड यांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. विष धुऊन जात नाही, भाजून जात नाही. म्हशीने ते खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने तो नष्ट होत नाही. म्हणजे बंद दुकानातला शेंगदाणा त्याच गल्लीतल्या बाळाच्या वाटीत येऊ शकतो, आणि मधल्या कोणालाही आपण काही चुकीचे केले असे वाटणार नाही.

मुदत उलटलेल्या मालाबाबत नियम नाहीत असे नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली असा माल विकणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उत्पादक आणि आयातदारांना मुदतबाह्य मालाचा हिशेब दर तिमाहीला देण्यास सांगितले. चांगले पाऊल, पण ते कारखान्याच्या दारापर्यंतचे. खेड्यातले दुकान मिटते तेव्हा मालाचा हिशेब कोणी मागत नाही. दुकान सुरू करायला नोंदणी लागते, बंद करायला फक्त कुलूप लागते. कंपनीचा वितरक चालू दुकानाचा माल परत घेतो, उधारी थकवून मिटलेल्या दुकानाचा घेत नाही. त्यामुळे सर्वांत जास्त माल आत राहतो तो सर्वांत अडचणीत असलेल्या दुकानदाराचा. त्याला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. माल उचलायला त्याच्याकडे पैसे नाहीत, हे गृहीत धरूनच मार्ग काढायला हवा.

सगळ्यात धोक्याचा दिवस कोणता?

दुकान उघडण्याचा. वर्ष-दोन वर्षांनी वाद मिटतो, कोणीतरी कुलूप तोडते, दोन मजूर बोलावले जातात आणि खराटा हातात दिला जातो. कोरडा झाडू मारला की उंदरांच्या लेंड्या, मूत्र आणि बुरशीची धूळ हवेत उडते आणि थेट फुफ्फुसात जाते. मजुराच्या तोंडाला रुमाल असतो, पायात चप्पल.

योग्य पद्धत अवघड नाही. दारे-खिडक्या उघडून किमान अर्धा तास बाहेर थांबावे. गोळ्यांचा संशय असेल तर आत जाण्याआधी जाणकार माणूस बोलवावा. घाण जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून, थोडा वेळ थांबून मग ओली उचलावी. हातमोजे, बूट आणि चांगला मास्क हवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. ‘जास्त स्वच्छ व्हावे’ म्हणून दोन्ही एकत्र ओतणारे लोक आहेत. औषधांची पाकिटे धान्याच्या ढिगात जाळू नयेत, विहिरीजवळ पुरू नयेत.

आणखी एक गोष्ट प्लेगच्या साथींनी शिकवली : उंदीर मारण्याआधी पिसवा माराव्यात. उंदीर एकदम मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा नवे रक्त शोधतात, आणि सर्वांत जवळ असतो तो माणूस किंवा त्याचे कुत्रे-मांजर. सगळी पोती एकाच दिवशी हलवली तरी तेच होते. भुकेले उंदीर रात्रीत शेजारी पांगतात. करोनाच्या टाळेबंदीत उपाहारगृहे बंद पडल्यावर, मे २०२० मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला उंदीर अन्नासाठी आक्रमक झाल्याचा इशारा द्यावा लागला होता. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर रिकाम्या केलेल्या जपानी गावांत परतलेल्या लोकांना घरभर उंदरांनी केलेली नासधूस पाहावी लागली. जपानसारखा टापटिपीचा देशही त्यातून सुटला नाही.

ग्रामपंचायतीचे हात खरेच बांधलेले आहेत का?

‘खासगी मालमत्ता आहे’, ‘कोर्टात वाद आहे’, ‘बँकेचे सील आहे’ ही तीन उत्तरे प्रत्येक गावात मिळतात. तिन्ही अर्धवट आहेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३) सार्वजनिक उपद्रव हटवण्याबाबत आहे. त्यात रस्त्यावरचे अडथळे आणि पडायला आलेल्या इमारती आहेतच. शिवाय लोकांच्या आरोग्याला बाधक ठरेल असा माल साठवून ठेवणे, हेही त्यात स्पष्टपणे आहे. पोलिसांच्या अहवालावरून किंवा इतर माहितीवरून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तो माल हलवण्याचा सशर्त आदेश काढू शकतो. मालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. रीतसर काढलेल्या या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. म्हणजे भावकीचा वाटणीचा दावा चालू असला तरी सडलेली पोती हलवता येतात; मालकी कोणाची, हा प्रश्न दावा मिटेपर्यंत तसाच राहू शकतो. युसूफ वडगावात पोलीस ठाणे गावातच आहे. गल्लीतल्या लोकांचा लेखी अर्ज, सोबत मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आणि आरोग्य कर्मचाऱ्याचा शेरा एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

पैशाचे कारणही जुने आहे आणि त्याला उत्तरही जुने आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने गटारे साफ करायला निधी नाही असे सांगितले, तेव्हा १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ते कारण फेटाळले. तो खटला याच उपद्रवाच्या कलमाखाली उभा राहिला होता.

कायदा मात्र शेवटचा उपाय असावा. त्याआधी करण्यासारखे साधे काम आहे : दुकान बंद झाले की पंधरा दिवसांच्या आत ग्रामपंचायत अधिकारी, आशा सेविका आणि दोन पंच यांच्यासमोर माल पाहायचा. चांगले धान्य मालकाने न्यावे किंवा विकावे, खराब नष्ट करावे, विषारी वस्तू वेगळ्या काढाव्यात. मालक परगावी असेल तर व्हिडीओ कॉलवर पंचनामा व्हावा. वर्षभराने हेच काम दसपट महाग आणि कितीतरी अधिक धोक्याचे होते. गावच्या आरोग्य-स्वच्छता समितीला मिळणारा थोडाफार निधी यावर खर्च झाला तर कोणी आक्षेप घेऊ नये. माल दुकानदाराच्या हितासाठी नव्हे, गल्लीच्या हितासाठी हलवायचा आहे.

दुकान एक, बंद घरे किती?

बीडमध्ये हा प्रश्न एका दुकानाशी थांबत नाही. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तितके महिने गावातली घरे कुलूपबंद असतात. ज्यांच्या घरी खरिपाची ज्वारी-बाजरी आली, ते ती सगळी सोबत नेऊ शकत नाहीत. ती पोत्यात, कणगीत, कधी उघड्या हौदात राहते. शेजारी म्हातारे आई-वडील आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले असतात. म्हणजे किल्लारीनंतर मामल्यात एकदा जे घडले, त्याची छोटी आवृत्ती इथे दर हिवाळ्यात मांडली जाते. फरक इतकाच की लोक ठरलेल्या वेळी परततात.

त्यामुळे पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी ही इथे चैन नाही. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्यासाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी होते, म्हणजे कोणती घरे बंद राहणार याची यादी गावात तयारच असते. निघण्याच्या आठवड्यात त्या यादीप्रमाणे घरोघर जाऊन धान्य कुठे ठेवले, गोळ्या टाकल्या का, मागे कोण राहणार, हे विचारता येते. गावात परतल्यावर घर उघडताना झाडू कोरडा मारू नका, हे आशा सेविकेने सांगता येते. आणि त्याच फेरीत बाजारातल्या बंद शटरवरही एकदा थाप मारता येते.